मूर्ती लहान, घड्याळ महान

समोर उभा राहूनसुद्धा मी निखिलला विचारलं, "घड्याळाचा मनोरा कुठे आहे रे?"

"काका, हाच."

'हाच' म्हणून त्याने बोट दाखवलं तिथे पांढऱ्या फळ्यांचं, लाल छपराचं एक दुमजली लाकडी घर होतं. छपरावर, नवरदेवाच्या फेट्याला तुरा खोवावा तसं एक चौकोनी खोकं होतं आणि खोक्यावर घड्याळ. आजूबाजूला काचेच्या उंचच उंच इमारती. लोकलच्या बाकावर दोन पैलवानांच्या मध्ये सापडलेल्या कारकुनासारखा तो मनोरा अंग चोरून उभा होता. मला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली, पण ती नंतर. आधी वाटली ती फसवणूक.

मी मुंबईत वाढलेला माणूस. घड्याळाचा मनोरा म्हणजे राजाबाई टॉवर हे समीकरण डोक्यात पक्कं. २८० फूट उंची, खालून बघताना टोपी पडावी. साप्पोरोचा हा मनोरा जेमतेम वीस मीटर. गंमत म्हणजे दोघांचं जन्मसाल एकच, १८७८. एकाच वर्षी दहावी झालेले दोन मित्र असावेत, त्यातला एक मंत्री व्हावा आणि दुसरा आमच्या बँकेत लागावा, तसा प्रकार.

"एवढ्यासाठी एवढं विमानभाडं?" आमच्या सौभाग्यवतीने विचारलं. साप्पोरोत उतरल्यापासून ती प्रत्येक येनचे रुपये करत होती आणि या मनोऱ्याचे तर तिने पैसेच करून टाकले.

निखिल हा हिच्या बहिणीचा मुलगा. होक्काइदो विद्यापीठात मातीवर डॉक्टरेट करतो. ('माती करतो' असं त्याचे आजोबा म्हणतात, पण ते असो.) तो हसून म्हणाला, "मावशी, जपानी लोकांनीच याला 'अपेक्षाभंगाची तीन ठिकाणं' या यादीत घातलंय. एक हे, दुसरा कोची शहरातला हारिमाया पूल, आणि तिसऱ्या नंबरावर अजून वाद चालू आहे."

जपानी माणसाच्या शिस्तीबद्दल ऐकून होतो, पण निराशेलासुद्धा क्रमांक देऊन ठेवणारी माणसं प्रथमच पाहिली. आपल्याकडे अशी यादी करायची म्हटली तर पहिल्या तिनांत यायलाच किती गर्दी होईल!

ऑक्टोबर संपत आलेला, बोचरी थंडी. निदान आत ऊब तरी असेल म्हणून तिकिटं काढून आत शिरलो, आणि दोन तास बाहेर आलो नाही. त्या दोन तासांत जे वाचलं, जे निखिलने भाषांतर करून सांगितलं आणि जे घरी परतल्यावर पुस्तकं चाळून ताडून पाहिलं, ते सांगतो.

मुळात हा मनोरा नव्हेच. ही आहे कवायतीची शाळा. १८६९ साली जपानी सरकारने होक्काइदो बेटाची वसाहत करायला एक खातं उघडलं, 'काइताकुशी' नावाचं. बेट रिकामं होतं असं कागदोपत्री धरलं होतं. प्रत्यक्षात तिथे ऐनू लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. साप्पोरो हे नावसुद्धा त्यांच्याच भाषेतलं. जमीन गेली, नाव तेवढं राहिलं. तर या खात्याने १८७६ साली साप्पोरोत शेतकी महाविद्यालय काढलं, आणि ते चालवायला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या शेतकी महाविद्यालयाचे अध्यक्ष विल्यम क्लार्क यांना बोलावून आणलं.

क्लार्कसाहेब अमेरिकेच्या यादवी युद्धात कर्नल होते. शेतकऱ्याच्या पोरालाही कवायत यायला हवी असं त्यांचं मत, म्हणून कवायतीला हॉल पाहिजे असं त्यांनी सुचवलं. आणि सुचवून घरी निघून गेले. साप्पोरोतला त्यांचा मुक्काम जेमतेम साडेआठ महिन्यांचा. एप्रिल १८७७ मध्ये घोड्यावर बसून निरोप घेताना त्यांनी विद्यार्थ्यांना 'मुलांनो, महत्त्वाकांक्षी व्हा' असं सांगितलं म्हणतात, आणि या एका वाक्यावर ते जपानात अमर झाले. आमच्याकडे साडेआठ महिन्यांत बदली झालेल्या मॅनेजरचं नावही शिपायाला आठवत नाही. यांचे पुतळे आहेत! वरच्या मजल्यावर एक तर बाकावर बसलेला आहे, शेजारी बसून फोटो काढायला. हिने काढून घेतला. मीही बसलो, पण जरा अंतर ठेवून, कारण साहेबांची पुढची हकीकत मला ठाऊक झाली होती. मायदेशी परतल्यावर त्यांनी स्वतःच महत्त्वाकांक्षी व्हायचं मनावर घेतलं, भागीदारीत खाणींच्या शेअर्सची कंपनी काढली आणि १८८२ साली ती साफ बुडवली. मित्रमंडळींचे, गाववाल्यांचे पैसे गेले. चार वर्षांनी, १८८६ मध्ये, साहेबही गेले. मुलांना उपदेश करताना त्यांनी 'तारण बघून' हे दोन शब्द जोडले असते तर बरं झालं असतं. ही आपली एका बँकवाल्याची सूचना.

हॉल बांधून झाला ऑक्टोबर १८७८ मध्ये. आराखडा क्लार्कचेच विद्यार्थी विल्यम व्हीलर यांचा. तेव्हा वर घड्याळ नव्हतंच, नुसती इवलीशी घंटाघुमटी होती. उद्‌घाटनाला खात्याचे प्रमुख कुरोदा कियोताका आले. सगळ्या साहेबांना उद्‌घाटनाच्या वेळी काहीतरी सुचतं, तसं यांनाही सुचलं. ते म्हणाले, वर एक घड्याळ बसवा.

आता घड्याळच का, हे समजायला जरा मागे जायला पाहिजे, आणि ही हकीकत प्रत्येक पगारदाराने कान देऊन ऐकण्यासारखी आहे.

त्याआधी सहाच वर्षांपूर्वीपर्यंत जपानात तास म्हणजे तासच नव्हता. सूर्योदय ते सूर्यास्त असे सहा भाग आणि सूर्यास्त ते सूर्योदय असे सहा. उन्हाळ्यात दिवसाचा तास लांबायचा, हिवाळ्यात आखडायचा. पुन्हा टोल्यांचे आकडे चढायच्या ऐवजी उतरायचे. भर दुपारी नऊ, मग आठ, मग सात, सूर्य मावळताना सहा, पुढे पाच, चार, आणि मध्यरात्री परत नऊ. हिवाळ्यात कचेरीचा तास आखूड होतो ही कल्पना मला फार आवडली. आमच्या युनियनच्या मागण्यांत ती अजून कशी आली नाही कोण जाणे.

वर्षही आपल्यासारखंच, चंद्राच्या तंत्राने चालणारं आणि मधूनमधून अधिक महिना घेणारं. आपल्याकडे अधिक महिन्याचा भुर्दंड सासऱ्याला बसतो. जपानात तो सरकारला बसला. झालं असं की सरकारने नुकतेच मासिक पगार सुरू केले होते आणि १८७३ साली अधिक महिना येत होता. म्हणजे वर्षाचे तेरा पगार! तिजोरीत खडखडाट. तेव्हा ओकुमा शिगेनोबू नावाच्या मुत्सद्द्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तोड काढली. जुनं पंचांगच रद्द करून टाकलं. अवघ्या तेवीस दिवसांची सूचना देऊन जाहीर केलं, की बाराव्या महिन्याची तिसरी तारीख उजाडणार नाही, तो दिवस १ जानेवारी १८७३ समजावा, आणि यापुढे दिवस चोवीस सारख्या तासांचा. अधिक महिना गेला, त्याचा पगार वाचला. शिवाय जुन्या वर्षाच्या शेवटच्या महिन्याचे दोनच दिवस भरले होते, सबब त्याचाही पगार नाही. एका परिपत्रकात दोन पगार गडप! आयुष्यभर परिपत्रकं वाचण्यात गेलं माझं, पण सूर्यचंद्राला वेठीला धरून केलेली अशी काटकसर पाहिली नाही. ही बातमी वरिष्ठांच्या कानावर जाऊ नये म्हणून मी कचेरीत अजून बोललेलो नाही.

तर तास असे नवे कोरे होते. कुठल्या गावाला ते रोज ऐकवल्याशिवाय पटणार नव्हते. म्हणून कुरोदासाहेबांना घड्याळ हवं होतं.

ऑर्डर गेली अमेरिकेला, बॉस्टनच्या ई. हॉवर्ड कंपनीकडे. १८७९ मध्ये घड्याळ आलं. पेट्या उघडल्या, आणि असं लक्षात आलं की घड्याळ मोठं आणि घुमटी लहान. मापं घेतल्याशिवाय मागवलेलं कपाट जिन्यात अडकतं, तसं. आमच्या शाखेत एकदा तिजोरी आली होती, ती दारातून आत जाईना. आठ दिवस बाहेर ताडपत्री घालून ठेवली होती आणि तिच्यावर वॉचमन झोपायचा, ते मला आठवलं. चूक कोणाची, हे आमच्याकडे अजून ठरलेलं नाही.

पुढे काय झालं असेल ते कचेरीत काम केलेल्याला सांगायला नको. पत्रव्यवहार! घड्याळ परस्पर दुसऱ्या एखाद्या इमारतीवर चढवावं का, यावर चर्चा झाली. ते व्यवहार्यही झालं असतं. पण शेवटी ठरलं ते उलटंच. घड्याळ हलवायचं नाही, घुमटी पाडून घड्याळाच्या मापाचा मनोरा नव्याने बांधायचा. सदऱ्याला बटण बेतायच्या ऐवजी बटणासाठी सदरा शिवला. मघाशी खालून पाहताना छपरावर खोकं ठेवल्यासारखं का वाटलं, याचा उलगडा झाला. ते खोकं खरोखरच मागाहून ठेवलेलं आहे.

१२ ऑगस्ट १८८१ रोजी घड्याळ चालू झालं. आणि जुळून आलं बघा कसं. त्याच दिवसांत खुद्द कुरोदासाहेबांची घटका भरत आली होती. काइताकुशी खातं गुंडाळायचं ठरलं होतं आणि साहेबांनी त्याची मालमत्ता आपल्याच प्रांतातल्या ओळखीच्या मंडळींना विकायचा घाट घातला होता. सरकारने जिच्यात सुमारे १ कोटी ४० लाख येन घातले ती मालमत्ता सुमारे ३ लाख ८७ हजार येनला, तीही तीस वर्षांच्या हप्त्यांनी, आणि (इथे मी भिंतीला टेकलो) बिनव्याजी! वर्तमानपत्रांनी गहजब केला, ऑक्टोबरमध्ये विक्री रद्द झाली. पण गंमत पुढेच आहे. नोकरी गेली ती त्या व्यवहाराला विरोध करणाऱ्या ओकुमांची. हो, तेच, दोन पगार वाचवणारे. आणि कुरोदा? ते १८८८ साली जपानचे पंतप्रधान झाले. मला जपान एकदम परका वाटेनासा झाला.

हे असं खाली चाललेलं असताना वर घड्याळ मात्र टोले देत होतं. ज्याने हॉल सुचवला त्या क्लार्कने ना हॉल पाहिला ना घड्याळ. महाविद्यालयाच्या दुसऱ्या तुकडीत नितोबे इनाझो होते, ज्यांचं 'बुशिदो' हे इंग्रजी पुस्तक पुढे जगभर गाजलं. त्यांचा चेहरा १९८४ साली जपानच्या पाच हजार येनच्या नोटेवर आला. कवायतीच्या हॉलमधून थेट नोटेवर! पण त्यांची तुकडी जुलै १८८१ मध्ये उत्तीर्ण होऊन बाहेर पडली, घड्याळ लागलं ऑगस्टमध्ये. एका महिन्याने चुकामूक. १८८८ पासून जपानभर एक प्रमाणवेळ आली आणि साप्पोरोने आपली वेळ या घड्याळावरून लावायला सुरुवात केली.

पुढे १९०३ साली महाविद्यालय नव्या जागेत गेलं. जुन्या इमारतीचं जे होतं ते झालं. १९०६ मध्ये ती अख्खी उचलून सुमारे शंभर मीटर दक्षिणेला सरकवली, मधून रस्ता न्यायचा होता म्हणून. मग तिथे कधी पोस्ट, कधी वाचनालय. नंतर शहर वाढलं, इमारती उगवल्या, आणि साठीच्या दशकात हे लाकडी घर इथून हलवावं की काय यावर वाद झाला. राहू दे म्हणणारे जिंकले. १९७० साली राष्ट्राची महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून सरकारी शिक्का बसला. शिक्का बसल्यावर मग सगळ्यांचंच प्रेम असतं. त्याआधीचं सांगतो.

वरच्या हॉलमध्ये तसल्याच हॉवर्ड घड्याळाचं यंत्र उघडं मांडून ठेवलंय. मनोऱ्यातलं कसं चालतं ते त्यावरून कळतं. स्प्रिंग नाही, वीज नाही. लाकडी खोक्यांत गोटे भरून केलेली दोन वजनं दोराला टांगलेली. एक सुमारे ५० किलोचं, ते काटे चालवतं. दुसरं सुमारे १५० किलोचं, ते टोल्यांसाठी. (वेळ नुसती चालवायला कमी जोर लागतो, ती लोकांना ऐकवायला तिप्पट, ही नोंद मी करून ठेवली आहे.) वजनं हळूहळू खाली येतात, लंबक त्यांना घाई करू देत नाही. खाली टेकायच्या आत ती परत वर चढवावी लागतात. हाताने. आठवड्यातून दोनदा. आजही.

निखिल पाटीवरचं वाचून सांगत होता. मधल्या काळात हे करायला कोणी उरलं नाही आणि घड्याळ बंद पडलं. गावातल्या एका घड्याळजीला, त्याचं आडनाव इनोउए, ते बघवलं नाही. १९३३ पासून तो आपणहून वर चढू लागला. पगार नाही, हुद्दा नाही, नेमणूकपत्र नाही. दुकान सांभाळून जायचं, तेलपाणी करायचं, वजनं चढवायची, उतरून यायचं. बापाच्या मागे मुलाने ते काम उचललं आणि अर्ध्या शतकाहून अधिक काळ केलं. पुढे महापालिकेचा माणूस त्याच्या हाताखाली शिकून तयार झाला.

"काका, थंडीत वजा दहा-बारा असतं इथे," निखिल म्हणाला. "आणि मनोऱ्यात काही हीटर नाही."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं माझ्याकडे नव्हतं, कारण मला आमच्या बाहेरच्या खोलीतलं घड्याळ आठवत होतं.

आमच्या घरी वडिलांच्या वेळचं लंबकाचं घड्याळ आहे. दर रविवारी आंघोळ झाली की वडील स्टुलावर चढायचे, काचेचं दार उघडायचे आणि किल्ली द्यायचे. ओठ हलायचे, कारण ते पिळे मोजायचे. चौदा. पंधरावा कधी नाही. मी आणि धाकटी बहीण खाली स्टूल धरून उभे. शेवटच्या आजारपणात त्यांना स्टुलावर चढवेना, तर खुर्चीत बसून मला सांगायचे, "सावकाश, हिसका नको." ते गेले त्याला नऊ वर्षं झाली. घड्याळ साडेआठला थांबलेलं आहे. येणारा-जाणारा विचारतो, तेव्हा मी सांगतो, "जुनं झालं हो, बंद पडलंय. आता त्याचे पार्ट कुठे मिळतात?"

पार्ट नि बिर्ट काही नाही. ते बंद पडलेलं नाही. मुलाचं बारावीचं वर्ष होतं, रात्री बाराचे टोले पडले की तो चिडायचा, आणि खरं सांगायचं तर माझीही झोप मोडायची. एका रविवारी मी किल्ली दिली नाही. पुढच्या रविवारी दिली नाही. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी ते थांबलं, आणि थांबलं हे दोन दिवस कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. मुलाची बारावी झाली, इंजिनियरिंग झालं, तो पुण्याला गेला. स्टूल मोडलं नव्हतं, किल्लीही हरवली नव्हती.

आणि इथे, एका परक्या कंपनीचं घड्याळ, बापजाद्याचं नव्हे, सरकारी, मापात चुकलेलं. त्याच्यासाठी एक दुकानदार बर्फातून चालत जातो आणि पन्नास अधिक दीडशे किलो वर ओढतो. आठवड्यातून दोनदा.

आम्ही बाहेर आलो. चार वाजायला तीन मिनिटं होती. समोर एक जपानी आजोबा, हातात भाजीची पिशवी, फुटपाथवर थांबलेले. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग मनोऱ्याकडे पाहिलं, आणि उभे राहिले. आम्हीही राहिलो. सिग्नल सुटला, गाड्या गेल्या, आणि त्या गडबडीतच पहिला टोल पडला. आवाज मोठा नाही. गणपतीच्या देवळातली घंटा असावी तेवढाच. चौथा टोल पडल्यावर आजोबांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि ते चालू लागले.

"बरोबर चार," ही म्हणाली. येनचं काही बोलली नाही.

हॉटेलकडे जाताना मी सहज विचारतोय असं दाखवून तिला विचारलं, "आपल्या घड्याळाची किल्ली कुठे असते गं?"

"देवघराच्या खालच्या खणात. तुमच्या बाबांच्या चष्म्याच्या डबीत." मग दोन पावलं पुढे जाऊन ती थांबली. "पण ते रात्री टोले देतं हं. आधीच सांगून ठेवते."